दसऱ्याला लावलेला गुलाब होळीपर्यंत वठतो? आधी हे बघा

सांगलीत आमच्या विश्रामबागेत दरवर्षीचा ठरलेला खेळ आहे. नवरात्रात हातगाडीवर गुलाब येतात, वीतभर रोप आणि त्याला तीन-तीन फुलं, गल्लीतल्या बायका जोडीजोडीनं घेतात, आणि मार्च उजाडला की त्यातल्याच चार-पाच जणी काटक्या उरलेली कुंडी कडेवर घेऊन माझ्या दारात. "काकू बघा की ओ, पाणी तर रोज घालतोय मी." आता हे "रोज घालतोय" म्हणजेच अर्धा रोग असतो, पण पहिल्याच वाक्याला कुणाला कसं सांगायचं, म्हणून आधी चहा होतो, मग कुंडी उलटी होते.

मी माळीकाम कुठं शिकलेली नाही. आमच्या गच्चीवर आणि खालच्या वाफ्यात बरीच वर्षं गुलाब आहेत, सातारला बहिणीच्या बंगल्याभोवती आहेत, आणि या दोन्ही ठिकाणी मिळून जेवढे मारले तेवढ्यातनं जे कळलं ते लिहिते. तोच तोच बिघाड सारखा दुरुस्त करून आता एक क्रम बसलाय, फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी. तो मोडू नका. बहुतेक जणी उलट्या टोकानं सुरू करतात, म्हणजे आधी दुकानातनं दोनशेचं औषध आणि मग विचार.

लक्षणं कोणती

तुमच्याकडं यातलं काय काय होतंय ते आधी ठरवा, कारण सगळ्याला "वठलं" हा एकच शब्द वापरला की काही कळत नाही.

- लावल्यावर महिना-दीड महिना फुलं, मग खालची पानं पिवळी होऊन गळती, वर नवीन फूटच नाही.
- फांदीचं टोक काळं किंवा तपकिरी पडतं आणि ते काळं रोज थोडं थोडं खाली सरकतं.
- झाड एकदम माजल्यासारखं वाढतं, चार-पाच फूट लांब सरळ कोंब, पण फूल नाही, किंवा बारीक पांढऱ्या फुलांचे घोस.
- नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या.
- जुन्या पानांच्या कडा जळल्यासारख्या, चुरचुरीत.
- माती ओली असून दुपारी झाड मान टाकतं, धरून हलवलं तर सैल लागतं.

यातली दोन-तीन एकदम असू शकतात. असूदे, क्रम तोच.

पहिलं: जिवंत नक्की काय आहे ते बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. बुडाची माती बोटानं बाजूला करा. डोळा भरून, म्हणजे एका झाडाचा डोळा (कोंब फुटायची जागा) दुसऱ्या झाडावर बसवून तयार केलेलं रोप असेल तर बुडाशी एक गाठ दिसते, तिथं खालचा खुंट आणि वरची जात जोडलेली असते. गाठीच्या वरनं आलेलं ते तुमचं झाड, गाठीच्या खालनं आलेलं ते खुंटाचं. खुंट हा मुळात रानटी आणि जोमदार म्हणूनच निवडलेला असतो, त्यामुळं त्याला एक कोंब जरी फुटू दिला तर तो सगळं अन्न स्वतःकडं ओढतो आणि वरची जात उपाशी मरते. वरती लिहिलेलं माजल्यासारखं वाढणारं झाड हेच.

सात पानांचं ते जंगली आणि पाच पानांचं ते खरं, हे सगळीकडं ऐकायला मिळतं, पण त्याच्यावर जाऊ नका, चांगल्या चांगल्या जातींनाही सात पानं येतात. कोंब कुठून निघालाय तेवढंच बघा. एक खूण मात्र उपयोगी आहे, पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो तिथं दोन बाजूंना बारीक पापुद्रे असतात, ते कंगव्याच्या दातांसारखे झालरदार असतील तर तो मल्टिफ्लोरा नावाच्या रानगुलाबाचा खुंट असण्याची दाट शक्यता.

कोंब काढताना कात्रीनं कापू नका, कापलं की बुडाचे डोळे तसेच राहतात आणि एकाच्या जागी तीन येतात. माती उकरून तो जिथनं निघालाय तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उपटा.

आणि गाठीच्या वरच्या फांदीला नखानं ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर आशा आहे. सगळीकडं तपकिरी आणि कोरडं असेल, तर तुमचा गुलाब गेला आणि तुम्ही खुंट सांभाळताय. आमच्या शेजारच्या एका वहिनींनी दोन वर्षं शेणखत घालून खुंट वाढवला, शेवटी त्याला बारीक पांढरी फुलं आली तेव्हा इतक्या खूष झाल्या की मी काही बोलले नाही.

दुसरं: बोट मातीत घाला

दोन पेरं आत. ओलं लागलं तर पाणी नाही, इतकं साधं आहे. शेतकरी वाफसा म्हणतात ना तेच कुंडीलाही पाहिजे, माती ओलसर पण त्यात हवा खेळती. सांगलीची काळी माती पाणी धरून बसते, वरनं ऑक्टोबर हीटमध्ये कातडीसारखी सुकून भेगा पडतात आणि आत चार इंचावर चिखल असतो, म्हणून नुसतं वरनं बघून फसायला होतं. मुळांना हवा मिळाली नाही की ती सडतात, सडलेलं मूळ पाणी ओढत नाही, झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण अजून पाणी घालतो. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरनं सारखंच दिसतं. बोट घातल्याशिवाय फरक कळत नाही.

ऊन किमान सहा तास पाहिजे, सकाळचं असेल तर उत्तम. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली कुंडी एप्रिलमध्ये भाजून निघते. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुंडी जिथं शोभते तिथंच ठेवली जाते.

तिसरं: मुळाभोवतीचा गोळा

माझ्याकडं येणाऱ्या कुंड्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हे. हातगाडीवरची बरीचशी रोपं लांबनं येतात, कोलकात्याकडनं येणारी तर चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. प्रवासात मूळ सुकू नये म्हणून ते ठीकच आहे, त्या लोकांचं काही चुकत नाही. पण आपण तो गोळा तसाच्या तसा कुंडीत ठेवतो आणि भोवती आपली खत-माती भरतो. मग काय होतं, गोळा एकदा सुकला की विटेसारखा कडक होतो, आकसतो, वरनं घातलेलं पाणी त्याच्या बाजूबाजूनं खाली निघून जातं आणि आत थेंब जात नाही. उलट सतत ओला ठेवला तर आत हवाच नाही. मूळ काही गोळ्याच्या बाहेर पडत नाही, आणि खोडात साठलेल्या जिवावर झाड दिवाळी काढतं, संक्रांतीपर्यंत ढकलतं, मग बसतं.

बघायचं कसं, तर कुंडी आडवी करून रोप हलकेच ओढा. आपल्या मातीतनं वेगळ्या रंगाचा गोळा सुटून हातात आला की समजायचं. एकदा तर प्लास्टिकच्या पिशवीसकट लावलेलं रोप निघालं, त्या ताईंना पिशवी काढायची असते हेच माहीत नव्हतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं, कुणी सांगितलंच नाही.

उपाय असा. बादलीत पाणी घेऊन गोळा अर्धा तास बुडवून ठेवा, मग बोटांनी बाहेरची माती सोडवत जा. सगळी खरवडून काढायचा हट्ट नको, बारीक मुळं तुटतात, बाहेरचा निम्मा भाग सुटला आणि मुळांची टोकं मोकळी दिसली की बास. रोपावरची फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा. इथं प्रत्येक जण कळवळतो, पण ज्याला मूळच नाही त्यानं फूल कशाच्या जोरावर पोसायचं? लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात आणा. हे काम कोजागिरीनंतर ते जानेवारीपर्यंत करायचं. मार्चनंतर गोळा फोडला तर रोप उन्हाळ्याच्या तोंडी उघडं पडतं आणि बहुतेक जातंच.

चौथं: गाठ मातीच्या वर आहे का

परदेशी व्हिडिओ बघून लावणाऱ्यांची चूक. तिकडं बर्फ पडतो, गाठ गोठून मरू नये म्हणून ती मातीत पुरतात. आपल्याकडं गोठायचा प्रश्नच नाही. पुरलेल्या गाठीपाशी पावसाळ्यात ओल धरते, कुजते, आणि खालनं खुंट कधी फुटला तेही कळत नाही. गाठ मातीच्या दोन-तीन इंच वर ठेवा. पुरलेली असेल तर नुसती माती बाजूला केली तरी भागतं, झाड उपटायची गरज नाही.

पाचवं: पाणी कुठलं घालताय

हा प्रश्न मी आता दारातच विचारते. कारण घरोघरी फिल्टर आले आणि त्याच्या नळीतनं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची सवय लागली. हेतू चांगला आहे, पाणी वाचवायचं, पण फिल्टरनं आपल्या पिण्याच्या पाण्यातनं काढलेला सगळा क्षार त्या बादलीत एकवटलेला असतो. ते पाणी फरशी पुसायला वापरा, गुलाबाला नको. गुलाब क्षाराच्या बाबतीत नाजूक झाड आहे. जुन्या पानांच्या कडा जळणं आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर बसणं ही त्याची खूण.

बोअरचं पाणी असेल तर त्याचंही तेच. पाण्यातला क्षार मोजायचं पेनसारखं मीटर काही शे रुपयांत मिळतं, गल्लीत एक असलं तरी पुरतं. माझा स्वतःचा नियम असा की आकडा हजाराच्या वर गेला की ते पाणी गुलाबाला नाही, नळाचं मिसळून आकडा खाली आला तरच. कुंडीत आधीच क्षार साठला असेल तर एकदा चांगल्या पाण्यानं कुंडी धुवून काढा, कुंडीत मावेल त्याच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू सोडायचं आणि खालच्या भोकातनं वाहून जाऊ द्यायचं. भोक बुजलेलं असेल तर अर्थातच आधी ते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे मात्र वेगळं आहे. मातीत चुनखडी जास्त असली की लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुनखडी आहे. दुकानात जे साधं चिलेटेड फेरस, म्हणजे लोहाचं खत, मिळतं ते इडीटीए (EDTA) प्रकारचं असतं, चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, तिथं इडीडीएचए (EDDHA) लागतं. महाग असतं पण चिमूटभर पुरतं. पाकिटावर ही अक्षरं वाचून घ्या, दुकानदार "सगळं एकच आहे वहिनी" म्हणेल.

सहावं: जात कुठली आणली होती

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा सापडलं पण झाड वाचायच्या पलीकडं गेलंय, तर आता नवं आणायचं. इथनं पुढं पैसे लागतात आणि खरी निवड इथंच आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

परदेशी याद्यांत "हार्डी" गुलाब म्हणून जी नावं असतात त्यांचा काटकपणा थंडीतला. कॅनडात एक्सप्लोरर नावाची मालिका सरकारी केंद्रांत मुद्दाम तयार केली, कडाक्याच्या हिवाळ्यातनं वाचावीत म्हणून, तिकडं शरद ऋतूत लावून बर्फाखालनं जाऊन वसंतात फुटणं ही परीक्षा असते. आपली परीक्षा वेगळी. आपल्याकडं शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात लावलेल्या झाडाला थंडी हा आरामाचा काळ आहे, वाढतं, फुलतं, लाड होतात. त्याची परीक्षा एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, आणि मग जून-जुलैत पाय ओले राहतात तेव्हा. सांगलीत काटक म्हणजे जे झाड मे आणि जुलै दोन्ही काढतं ते. दुकानात ऑक्टोबरमध्ये फूल किती मोठं दिसतं याच्यावरनं यातलं काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारा म्हणजे डच गुलाब. ताजमहाल, टॉप सीक्रेट असल्या जाती मावळात पॉलिहाऊसमध्ये होतात, लांब दांडा, घट्ट कळी, बुकेत बघून सगळ्यांना तोच पाहिजे असतो. पॉलिहाऊसमध्ये त्याला पाऊस लागत नाही, ऊन गाळून मिळतं, ठिबकनं मोजून खत मिळतं. तो आपल्या गच्चीवर आणला की पहिला बहर बरा येतो, मग थंडीत पानांवर पांढरी भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड, आणि फुलं बटणाएवढी. जात वाईट नाही, पण ती आपल्या गच्चीसाठी झालेली नाही.

मग लावायचं काय? माझ्याकडं टिकलेले सांगते.

ग्लॅडिएटर. जुना, लालभडक, मोठं फूल, उघड्या शेतात वर्षानुवर्षं होत आलेला. वास यथातथाच पण उन्हाला दबत नाही. पहिलाच गुलाब असेल तर हा घ्या आणि विषय संपवा. त्याच्या जोडीला सुपरस्टार, शेंदरी रंगाचा, १९६० सालचा जर्मन वाण, आमच्या आईच्या वेळेपासून सांगलीच्या बंगल्यांत आहे. क्वीन एलिझाबेथ, १९५४ चा, गुलाबी, उंच जातो, कुंडीत नको, जमिनीत कुंपणाकडंला द्या. आइसबर्ग, पांढरा, १९५८ चा, घोसानं येतो, काटे कमी, माझ्या गच्चीवरचा सगळ्यात न कुरकुरणारा. मोठं एक फूल देणारे जितके नखरे करतात तितके हे घोसाचे, फ्लोरिबंडा म्हणतात ते, करत नाहीत, एक कळी करपली तरी शेजारच्या चार असतात.

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आपल्याच हवामानात काढलेल्या जातीही आहेत. डॉ. बी. पी. पाल तिथले मोठे गव्हाचे शास्त्रज्ञ, पण त्यांचा जीव गुलाबात, त्यांनी कित्येक वाण काढले. मोहिनी याच संस्थेतला, चॉकलेटी छटेचा. वेगळा रंग पाहिजे असेल तर बघा, मिळतो मात्र शोधून.

पिवळ्याच्या बाबतीत सावध. आधुनिक बागेतल्या गुलाबात गडद पिवळा रंग आला तो फ्रान्समधल्या लिओंच्या पेर्ने-ड्युशे यांनी १९०० साली बाजारात आणलेल्या एका वाणापासून, त्यांनी इराणकडच्या पिवळ्या रानगुलाबाचा संकर केला होता. त्या रानगुलाबाला पानांवरच्या काळ्या डागांचा रोग फार, तो रंगाबरोबर घराण्यात आला. म्हणून पिवळा लावायचा तर हवा खेळती पाहिजे, पानं भिजवायची नाहीत, आणि सातारच्या पुढं मेढा-महाबळेश्वरकडं राहत असाल, जिथं पावसाळाभर धुकं आणि ओल हटत नाही, तर पिवळ्याचा मोह सोडाच.

आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे खरंतर सगळ्यात आधी, गावठी गुलाब. देशी गुलाबी, एडवर्ड, देवाच्या हाराला आणि गुलकंदाला जातो तो. एडवर्डचं घराणं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं, तेव्हा त्याला बोर्बन बेट म्हणायचे, तिथं कुंपणाला लावलेल्या चिनी आणि दमास्क गुलाबांचा आपोआप संकर होऊन तो झाला. उष्ण बेटावरचं झाड, त्याला आपल्या मेचं काय कौतुक! फूल दोन दिवसांत पाकळ्या टाकतं हे खरं, फ्लॉवरपॉटला कामाचं नाही, पण वास असा की जिन्यात येतो.

त्याचा आणखी एक गुण मला २०१९ च्या पुरानंतर कळला. गावभागात माझ्या मैत्रिणीच्या अंगणात कित्येक दिवस पाणी होतं. पाणी ओसरल्यावर सगळं काळं पडलेलं, कलमी गुलाब गेले ते गेलेच, एक-दोन ठिकाणी फूट आली ती खुंटाची. गावठी मात्र महिन्याभरात बुडातनं फुटला आणि तोच गुलाबी गुलाब परत. कारण तो काडीनं लावलेला, स्वतःच्या मुळावर, त्याच्याखाली दुसरं कुणी नाही. नदीकाठी राहणाऱ्यांनी निदान एक तरी काडीचा गुलाब ठेवावा.

खुंटाचं थोडंसं

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी खारं पाणी आणि दुष्काळामुळं डॉगरिज नावाच्या खुंटावर कलमं करायला घेतली, वरची जात बाजाराची, खालचा खुंट जमिनीचा. गुलाबात तेच आहे, फक्त आपण विचारत नाही. रोपवाल्याला विचारा, खुंट कुठला आणि डोळा कुठं भरलाय. रोप आपल्या आसपासच तयार झालेलं असेल, म्हणजे आपल्याच पाण्यावर एक तरी उन्हाळा काढलेलं, तर ते फूल नसलेलं आणि जरा बेढब दिसलं तरी तेच घ्या. बुडाशी पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या, गाठ पक्की, पिशवीच्या भोकातनं पांढरं मूळ डोकावतंय, बास. फुलं मोजू नका.

मागं एकदा मी स्वतः एका रोपवाटिकेतनं लेबलावर ग्लॅडिएटर लिहिलेली सहा रोपं आणली, फुलल्यावर चार वेगवेगळे रंग निघाले. परत गेले तर म्हणे "लेबलं पावसात हलली असतील." तेव्हापासून डिसेंबरात, फूल डोळ्यानं बघून, पण कळ्या खुडूनच आणते.

सातवं: जमीन

कुंडीवाल्यांनी हे सोडून द्या. वाफ्यात लावलेले गुलाब ओळीनं जात असतील तर जात बदलून उपयोग नाही. फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं तर जमीन चिबड आहे, तिथं कुठलाही काटक गुलाब पावसाळा काढणार नाही. जमिनीच्या वर दीड फूट उंच वाफा बांधा, त्यात नदीकडची पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम. खड्डा खोल करून त्यात चांगली माती भरायची युक्ती काळ्या जमिनीत उलटी पडते, चहूबाजूंनी पाणी त्याच खड्ड्यात येऊन साठतं, म्हणजे आपण झाडासाठी विहीर खणून ठेवली.

बहिणीकडं सातारला बरोबर उलटं. उतारावरचं घर, वीतभर मातीखाली मुरूम, पाणी घातलं की पळालं. तिचे गुलाब वठायचे ते तहानेनं. तिला खड्डा दीड-दोन फूट खोल करून, मुरूम काढून, शेणखत-माती भरून आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन देऊन सुटलं. एकाच पेपरात आलेला सल्ला दोघींनी पाळला असता तर एकीचे नक्की मेले असते.

झाड सैल लागत असेल तर बुडाशी खणून बघा. इंग्रजी सी सारखी वळलेली पांढरी जाड अळी दिसली तर हुमणी, उसाच्या पट्ट्यात राहतो म्हटल्यावर तिचं काय नवल. ती मुळं खाते. बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या शेणखतातनं येते, म्हणून खत चाळून घाला. कुंडीत असेल तर माती पसरून हातानं वेचा, कोंबड्या असतील तर त्यांना बोलवा.

इथं थांबायचं

काळं पडत खाली येणारी फांदी जिवंत भागात बोटभर आत कापायची, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसून, आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची. हे घरी जमतं. पण काळं गाठीपर्यंत पोचलं असेल तर कापाकापी बंद, झाड काढा, त्याच जागी लगेच गुलाब लावू नका.

बुडाशी किंवा मुळांवर खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी दिसल्या तर तो जिवाणूचा रोग आहे, त्याला घरगुती उपाय नाही. झाड मातीसकट उचलून टाका, कंपोस्टात नाही, आणि अवजारं धुवून घ्या.

फवारणीच्या बाबतीत मी एका ठिकाणी थांबते. निंबोळी अर्क, साबणाचं पाणी, पानाखालनं पाण्याचा फवारा, इथपर्यंत मी. एवढं करून फुलकिडे किंवा कोळी आठ-पंधरा दिवसांत हटले नाहीत तर कृषी सहाय्यकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) किंवा कृषी विज्ञान केंद्रात पान नेऊन दाखवा. मेव्हण्याच्या द्राक्षबागेतली उरलेली बाटली आणून अंदाजानं गच्चीवर मारू नका, शेजारी तुमची कपडे वाळत घालायची दोरी आहे आणि पोरं तिथंच खेळतात. हे मी दोनदा बघितलंय.

आणि जमिनीवरच पांढरा थर येत असेल, गवतसुद्धा नीट येत नसेल, तर ती क्षारपड आहे. जिप्सम किती, घालायचं की नाही, निचऱ्याची चर काढायची का, हे माती तपासल्याशिवाय कुणी सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना न्यायचा असा: वाफ्यातल्या चार-पाच जागा निवडा, वरचा पालापाचोळा सारा, वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या, सगळी एकत्र मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पुरते. खताच्या पिशवीत भरू नका, सगळे आकडे चुकतात. आणि बोअरचं पाणी बाटलीभर बरोबर न्या, नुसती माती नेली की तिथली माणसं पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात आणि परत हेलपाटा पडतो.